हरवलेली दोन शून्ये

वडील गेल्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. पाच-सहा वर्षे ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिनचूक जमा होत होते आणि एका वर्षी सलग तीन महिने झालेच नाही. बँकेत गेलो तर उत्तर मिळे, "आमच्याकडे काही आलेले नाही." कार्यालयात गेलो तर, "आम्ही पाठवले होते, परत आले." तिसऱ्या महिन्यात आईने मला विचारले, "कागदावर मी गेले की काय रे?" प्रश्न तिने हसत विचारला होता, पण पुढचे दोन दिवस ती नीट जेवली नाही.

उलगडा केला तो कार्यालयातल्या एका तरुण कारकुनाने. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आईचा खाते क्रमांक दोन शून्यांनी सुरू होत होता आणि पडद्यावर ती दोन शून्ये नव्हती. निवृत्तिवेतनधारकांची यादी एका जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेताना मध्ये एका एक्सेलच्या तक्त्यातून गेली होती. तक्त्याला समोर सगळे अंक दिसले, त्याने ती संख्या आहे असे ठरवले, आणि संख्येच्या डावीकडच्या शून्यांना अर्थ नसतो म्हणून ती टाकून दिली. गणित म्हणून हे अगदी बरोबर होते. पण खाते क्रमांक ही संख्या नाहीच. त्याची बेरीज कोणी करत नाही, तो दुसऱ्या खात्यापेक्षा मोठा की लहान असे कोणी विचारत नाही. ते अंकांत लिहिलेले एक नाव आहे.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते तेव्हा ही संख्या, हे नाव, ही तारीख असे कोण सांगतो? पाठवणारा, घेणारा, की वाटेतला हमाल? संगणकाचे औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. नव्वदच्या दशकात एका पतसंस्थेत कारकून असताना डीबेस आणि फॉक्सप्रो हाताला लागले, तेवढ्यावर पुढचे स्वतःच शिकत गेलो. पण या प्रश्नाचा इतिहास शोधायला लागलो तेव्हा लक्षात आले की तो जितका यंत्रांचा आहे तितकाच लिहिण्या-वाचण्याचाही आहे.

१

माझा दुसरा नाद मोडी वाचनाचा. मोडीचा कागद ज्याने हाताळला आहे त्याला ठाऊक आहे की लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि तिच्या खाली अक्षरे टांगत जातो. शब्द तोडून लिहायचा रिवाज नाही. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' कागदावर सारखेच दिसणार. लिहिणाऱ्याच्या मनात शब्द निराळे होते, भेद पक्के होते. लेखणी भरभर चालावी म्हणून त्याने ते कागदावर उतरवले नाहीत. वाचणाऱ्याने ते आपल्या डोक्यातून पुन्हा भरायचे.

तारखेचेही तसेच. 'सलास सितैन मया व अलफ' असे वर्ष आले की नवखा वाचक बावरतो. हे अरबी संख्यावाचक शब्द आहेत : तीन, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६३. हे वर्ष सुहूर सनाचे आहे हे माहीत असेल तरच त्यात ५९९-६०० मिळवून इसवी सन १७६२-६३ निघते. कोणी ते शक मानले तर इसवी सन १२४१-४२ हाती येईल आणि पेशवाईतला कागद यादवांच्या काळात जाऊन पडेल. कागदावर आकडा आहे, पण तो कोणत्या जातीचा आकडा आहे हे कागदाबाहेरच्या ज्ञानावर अवलंबून आहे.

प्रोग्रामिंगच्या परिभाषेत या 'जाती'ला टाइप म्हणतात. एखादी गोष्ट कोणत्या प्रकारची आहे आणि म्हणून तिच्याशी काय करता येते, काय नाही, याचा करार म्हणजे टाइप. संख्येची बेरीज होते, नावाची होत नाही. तारखेत दहा दिवस मिळवता येतात, खाते क्रमांकात मिळवून काही हाती लागत नाही.

२

यंत्राने माहिती मोजण्याची सुरुवात म्हणून १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेचा उल्लेख होतो. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रात माणसामागे एक पुठ्ठ्याचे कार्ड होते आणि कार्डावरची भोके म्हणजे माहिती. भोकाला स्वतःचा अर्थ काही नव्हता. अमुक जागचे भोक म्हणजे वय, तमुक जागचे म्हणजे वैवाहिक स्थिती, हे यंत्र जोडणाऱ्याला माहीत असे. कार्डांचा गठ्ठा दुसऱ्याच जोडणीच्या यंत्रात घातला तर यंत्र तक्रार न करता वयाच्या जागी भलतेच काही मोजून दिले असते.

१९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान भाषा आणली. तिच्यात टाइप ओळखण्याची एक गमतीची रीत होती. चलाचे नाव 'आय' ते 'एन' या इंग्रजी अक्षरांपैकी एकाने सुरू होत असेल तर ती पूर्णांक संख्या, नाहीतर दशांश असलेली. म्हणजे टाइप नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरायचा. गणितज्ञांसाठी ही सोय होती, कारण त्यांच्या लेखनात ही अक्षरे पूर्णांकांसाठीच वापरली जात.

हिशेबनीसांची गरज वेगळी होती. १९५९ मध्ये सरकारी आणि व्यापारी कामासाठी एक सामायिक भाषा घडवण्याचे काम सुरू झाले आणि १९६० मध्ये कोबोलचा पहिला आराखडा आला. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. कोबोलमध्ये माहितीच्या वर्णनासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात प्रत्येक रकान्याचे 'पिक्चर' काढून दाखवावे लागते. नऊचा आकडा म्हणजे या घरात अंकच बसेल, 'एक्स' म्हणजे कोणतेही चिन्ह चालेल. दहा वेळा नऊ म्हणजे दहा घरे, आणि ती दहाच्या दहा भरलेली राहणार, डावीकडे शून्ये असली तरी. १९६० सालच्या या भाषेने आईची दोन शून्ये सांभाळली असती. साठ वर्षे नव्या असलेल्या यंत्रणेने ती हरवली, कारण मधल्या काळात माहिती पाठवण्याची रीत सैल झाली. ती का झाली, हा पुढचा भाग.

आमच्या पिढीने डीबेसमध्ये हेच पाहिले. तक्ता तयार करतानाच प्रत्येक रकान्याला अक्षरी, संख्या, तारीख, होय-नाही यांपैकी एक जात द्यावी लागे. तेव्हा ती कटकट वाटे. सभासद क्रमांक अक्षरी ठेवायचा की संख्या, यावर आमच्या पतसंस्थेत एक अख्खी दुपार वाद झाला होता. आज वाटते, ती दुपार वाया गेली नव्हती.

३

पुढची मोठी उडी नॉर्वेतली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघे साठच्या दशकात प्रत्यक्ष व्यवहाराच्या नकला संगणकावर करू पाहत होते. बंदरात जहाजे येतात, रांगेत थांबतात, माल उतरवतात. अशा व्यवहारात 'जहाज' ही एकच गोष्ट हवी, जिच्यात तिची माहितीही असेल आणि तिला काय करता येते तेही. टोनी होर यांनी याच सुमारास नोंदींचे वर्ग आणि उपवर्ग ही कल्पना मांडली होती. तिच्यावर विचार करताना दाल आणि न्यूगार्ड यांना आपली वाट दिसली आणि सिम्युला ६७ या भाषेत 'क्लास' अवतरला. क्लास म्हणजे साचा आणि त्यातून काढलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. ज्याला आज ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग म्हणतात त्याचा हा उगम. दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो २००१ सालचा, आणि पुढच्याच वर्षी दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

होर यांचे आणखी एक अपत्य या कथेत वारंवार भेटते. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी काम करताना त्यांनी 'नल' संदर्भ आणला : जिथे वस्तू हवी तिथे काहीच नाही असे दाखवणारी खूण. करायला सोपी होती म्हणून मोह आवरला नाही, असे त्यांनी २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत जाहीरपणे कबूल केले आणि तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. ज्या जागी 'विद्यार्थी' आहे असा करार आहे तिथे कोणीच नसू शकते, ही पळवाट त्या एका खुणेने सगळ्या भाषांत शिरली.

आता यादीचा प्रश्न. एक विद्यार्थी म्हणजे एक ऑब्जेक्ट, पण शाळेत विद्यार्थी शेकड्यांनी असतात. त्यांना ठेवायला पिशवी हवी. परिभाषेत तिला कलेक्शन म्हणतात. सिम्युलामध्ये यादीत बसायचे तर 'लिंक' नावाच्या मूळ घराण्यात जन्म घ्यावा लागे. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात सत्तरच्या दशकात अॅलन के आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्मॉलटॉकमध्ये पिशवीला कसलीच अट नव्हती. त्यात काहीही टाका. काढताना काय निघेल ते तुमचे तुम्ही पाहा.

'फक्त विद्यार्थ्यांची यादी' असा करार करता यावा हा विचार निराळ्या वाटेने आला. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू भाषेत आणि एडिंबरात रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेत सत्तरच्या दशकातच पिशवीबरोबर तिच्यातल्या मालाचा प्रकार सांगण्याची सोय झाली होती. पण बाजारपेठेतल्या भाषांपर्यंत ती पोचायला पंचवीस-तीस वर्षे गेली.

१९९५ मध्ये सन कंपनीची जावा आली, १९९८ मध्ये तिच्यात कलेक्शनची नेटकी घडण आली. तरी पिशवी बिनअटीचीच होती. विद्यार्थी आत टाकला की तो नुसता 'ऑब्जेक्ट' होई. बाहेर काढताना 'हा विद्यार्थी आहे' असे प्रोग्रामरने स्वतःच्या जबाबदारीवर लिहायचे. चूक झाली तर प्रोग्राम चालता चालता कोसळे. अखेर २००४ मध्ये जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले आणि 'विद्यार्थ्यांची यादी' असा टाइप लिहिता येऊ लागला. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पमध्येही ते आले. त्यामागे केंब्रिजच्या प्रयोगशाळेतले डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांचे काम होते.

दोघांत एक फरक होता. सी शार्पमध्ये यादी चालत्या प्रोग्राममध्येही 'मी विद्यार्थ्यांची यादी आहे' हे लक्षात ठेवते. जावामध्ये जुने प्रोग्राम चालू राहावेत म्हणून तडजोड झाली. भाषांतर होताना करार तपासला जातो आणि मग पुसून टाकला जातो. चालत्या प्रोग्राममध्ये ती पुन्हा नुसती यादी उरते. या पुसण्याचा त्रास पुढे कसा झाला ते पाहण्याआधी दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते पाहावे लागेल.

४

मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. पुढे तिचे नाव जावास्क्रिप्ट पडले. नावातल्या जावाशी तिचा संबंध व्यापारी होता. स्वभावाने ती अगदी सैल. टाइप आधी सांगायचा नाही, जसे येईल तसे घ्यायचे.

त्या काळी दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचे तर एक्सएमएलचा बोलबाला होता. १९९८ मध्ये त्याचे प्रमाण ठरले. प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे नावाच्या पट्ट्या आणि शिवाय पट्ट्यांचे नियम सांगणारे वेगळे दस्तऐवज. काम चोख, पण ओझे फार.

एप्रिल २००१ मध्ये कॅलिफोर्नियात डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी आपल्या लहानशा कंपनीच्या कामासाठी एक संदेश ब्राउझरला पाठवला. जावास्क्रिप्टमध्ये वस्तू आणि याद्या ज्या पद्धतीने लिहितात त्याच पद्धतीने त्यांनी माहिती लिहिली होती. क्रॉकफर्ड यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे तो पहिला संदेश फसला. त्यातल्या एका रकान्याचे नाव 'डू' होते आणि जावास्क्रिप्टमध्ये तो राखीव शब्द आहे. राखीव शब्दांची यादी सगळ्यांना पाठ करायला लावण्यापेक्षा प्रत्येक नावाला अवतरणचिन्हे सक्तीची करणे सोपे, असे त्यांनी ठरवले. जेसॉन लिहिताना आजही प्रत्येक नावाभोवती जी दुहेरी अवतरणे टाकावी लागतात त्यांचे मूळ हे आहे.

ही पद्धत आपण शोधली नाही, ती आधीपासून होती, आपल्याला सापडली इतकेच, असे क्रॉकफर्ड नेहमी म्हणत आले आहेत. त्यांनी तिला नाव दिले, २००२ मध्ये तिचे नियम एका पानात मांडून जाहीर केले आणि पुढचे लोकांनी केले. २००६ मध्ये इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांत तिची नोंद झाली, २०१३ मध्ये एक्मा या संस्थेचे प्रमाण आले, २०१७ मध्ये सुधारित इंटरनेट प्रमाण. आज मोबाइलवर हवामान पाहा, रेल्वेचे तिकीट काढा, पैसे पाठवा, पडद्यामागे बहुधा जेसॉन धावत असते.

जेसॉनमध्ये प्रकार सहाच : अक्षरमाला, संख्या, खरे-खोटे, नल, यादी आणि नाव-मूल्यांच्या जोड्यांची वस्तू. एवढ्यावर सगळे जग मांडायचे. या साधेपणामुळेच ते प्रत्येक भाषेला जमले. पण या सहांत तारीख नाही. रुपये-पैसे नाहीत. 'विद्यार्थी' तर नाहीच. पाठवणाऱ्याकडे विद्यार्थ्यांची यादी असते, वाटेवर ती नुसती वस्तूंची यादी होते. मोडी लिहिणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिले तसेच हे.

क्रॉकफर्ड यांनी आणखी एक गोष्ट जाणूनबुजून काढून टाकली. सुरुवातीला जेसॉनमध्ये टिपा लिहिता येत. लोक त्या टिपांत 'हे असे वाचा, ते तसे वाचा' अशा सूचना घालू लागले. मग एकाचे जेसॉन दुसऱ्याला कळेनासे होईल, या भीतीने त्यांनी टिपाच बंद केल्या. संदेशात टाइपची माहिती चोरपावलांनी शिरू नये, हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. टाइप घेणाऱ्याने भरायचा.

५

मग घेणारा तो कसा भरतो? या कामाला डीसीरियलायझेशन म्हणतात. मराठीत गाठोडे सोडणे म्हणावे. येणारा संदेश म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. पहिल्या पायरीवर कंस, स्वल्पविराम, अवतरणे ओळखून तिची फोड करायची. इथे संधी सोडवण्यासारखे काम आहे. दुसऱ्या पायरीवर प्रोग्रामर सांगतो, 'मला यातून विद्यार्थ्यांची यादी हवी.' मग गाठोडे सोडणारा 'विद्यार्थी' हा क्लास उघडून पाहतो. त्यात नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख असे रकाने आहेत. संदेशातल्या नावांशी तो हे रकाने जुळवतो, प्रत्येक मूल्य योग्य टाइपमध्ये बदलतो, नवा विद्यार्थी घडवतो आणि यादीत बसवतो. सी शार्पसाठी न्यूझीलंडच्या जेम्स न्यूटन-किंग यांनी लिहिलेले जेसॉन डॉट नेट हे साधन अनेक वर्षे घरोघरी होते, जावासाठी जॅक्सन आणि गूगलचे जीसॉन. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे साधनही दिले.

जावात इथे ते पुसणे आडवे आले. 'मला विद्यार्थ्यांची यादी हवी' असे साधनाला सांगायचे कसे? चालत्या प्रोग्राममध्ये 'यादी' एवढेच उरते, 'विद्यार्थ्यांची' हा भाग पुसलेला असतो. नुसती 'यादी' मागितली तर जीसॉन नाव-मूल्यांच्या कच्च्या जोड्यांची यादी बनवून देते आणि त्यातल्या संख्या सरसकट दशांशी करून टाकते, १ चे १.० होते. गंमत अशी की चूक तिथे दिसत नाही. बरणीवर 'लिंबाचे लोणचे' अशी चिठ्ठी आहे, बरणी फळीवर नीट बसली आहे. जेवायला बसून झाकण उघडल्यावर आत मीठ निघते. प्रोग्राम कोसळतो तो गाठोडे सोडले त्या ओळीवर नव्हे, तर कितीतरी पुढे, यादीतला पहिला विद्यार्थी बाहेर काढला तिथे. नवशिके रात्ररात्र चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात. मीही बसलो आहे.

यावर २००६ मध्ये नील गॅफ्टर यांनी एक युक्ती मांडली. वस्तूवरचा करार पुसला जातो, पण एखादा क्लास जन्माला येताना त्याचा पिता कोण याची जी नोंद होते ती पुसली जात नाही. तेव्हा केवळ या कामापुरता एक बिननावाचा पोटक्लास जन्माला घालायचा, ज्याचा पिता 'विद्यार्थ्यांची यादी' या टाइपचा असेल. मग साधन त्या मुलाला विचारते, 'तुझ्या बापाचे पूर्ण नाव सांग,' आणि पुसलेला टाइप हाती येतो. आपल्याकडे मुलाच्या नावात मधोमध वडिलांचे नाव असते, त्यामुळे बाप हयात नसला तरी कागदावर तो सापडतो, तशातलाच हा प्रकार. जीसॉनमधला टाइप टोकन याच कल्पनेवर उभा आहे.

संख्येचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेसॉनच्या व्याकरणात संख्या कितीही लांब असू शकते. पण जावास्क्रिप्ट परंपरेने प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या दशांशी साच्यात ठेवते आणि त्यात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळे पूर्णांक नेमके बसत नाहीत. शेवटी ९९३ असलेली पुढचीच संख्या पाठवा, ९९२ होऊन बसते. २०१० मध्ये ट्विटरने आपल्या संदेशांना नवे लांब क्रमांक द्यायचे ठरवले तेव्हा हीच अडचण आली. उपाय म्हणून त्यांनी तोच क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणांत अक्षरमाला म्हणून. वाचताना मला धनादेश आठवला. आपण रक्कम अंकी लिहितो आणि पुन्हा अक्षरी. कारण तेच आहे.

आणि सगळ्यात गुपचूप होणारी चूक म्हणजे नसलेल्या रकान्याची. संदेशात 'गुण' हा रकाना आलाच नाही तर जावा किंवा सी शार्पमधल्या साध्या पूर्णांकाच्या जागी शून्य बसते. परीक्षेला न बसलेला आणि शून्य गुण मिळालेला विद्यार्थी यादीत शेजारी शेजारी बसतात आणि सारखेच दिसतात. 'उत्पन्न शून्य' आणि 'उत्पन्न माहीत नाही' यांतला फरक एखाद्या योजनेच्या यादीत कुणाचे नाव राहते आणि कुणाचे कटते हे ठरवू शकतो. नव्या भाषांमध्ये 'कदाचित नसेल' असा स्वतंत्र टाइप लिहिता येतो. तो लिहिण्याचा कंटाळा करू नये, एवढेच माझ्यासारखा माणूस सांगू शकतो.

६

हा सगळा त्रास वाचून कोणालाही वाटेल की पाठवणाऱ्यानेच टाइपचे नाव सोबत का लिहू नये? तेही करून झाले आहे. जॅक्सनसारख्या साधनांत अशी सोय होती की संदेशातच 'मी अमुक क्लासची वस्तू आहे' असे लिहिता येई आणि साधन त्यावर विश्वास ठेवून ती वस्तू घडवी. २०१७ पासून यातले धोके एकामागून एक उघड झाले. काही क्लास असे असतात की त्यांची वस्तू घडवणे हीच एक कृती असते आणि त्या कृतीतून परक्याला आपल्या संगणकावर हवे ते चालवता येते. दारावर आलेल्याने 'मी तुमचा पाहुणा' म्हटले आणि आपण तिजोरीची खोली उघडून दिली, असा हा मामला. शेवटी नियम असा ठरला की आधी मान्य केलेल्या टाइपांची यादी घेणाऱ्याने ठेवायची आणि त्याबाहेरचे नाव आले तर दार लावायचे.

म्हणजे संदेशाने टाइप मुळीच सांगितला नाही तर वाटेतला कोणी अंदाज करतो, आणि संदेशाच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर घात होतो. मधला मार्ग म्हणजे घेणाऱ्याने आपल्याला काय हवे ते आधी स्पष्ट लिहून ठेवणे आणि आलेले त्याच्याशी ताडून पाहणे. जुन्या दप्तरात काम करणारे हेच करतात. कागद आपल्याविषयी काय म्हणतो ते वाचायचे, पण शिक्का, वळण, कागद, तारीख यांच्याशी पडताळल्याखेरीज मानायचे नाही.

अंदाज करणाऱ्यांची दोन उदाहरणे देऊन थांबतो. यामल नावाच्या जेसॉनच्या एका चुलत भावाच्या जुन्या नियमांत 'नो' हा शब्द अवतरणांशिवाय आला तर त्याचा अर्थ 'खोटे' असा घेतला जाई. देशांच्या सांकेतिक यादीत 'एनओ' ही दोन अक्षरे नॉर्वेची. त्यामुळे देशांची यादी वाचताना बाकी देश देश राहत आणि नॉर्वे 'खोटे' होई. ज्या देशाने जगाला क्लास दिला त्याच्याच वाट्याला हे यावे! दुसरे उदाहरण जीवशास्त्रातले. 'मार्च १', 'सेप्ट १' अशी लघुनावे असलेली मानवी जनुके एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होत. २०१६ मधल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. तक्त्याने बदलायचे ते माणसांनी बदलून घेतले.

आईचे पैसे त्या कारकुनाने दुसऱ्याच दिवशी मार्गी लावले. त्याने रकाना अक्षरी केला, दोन शून्ये हाताने लिहिली आणि मग यादी वरपासून खालपर्यंत तपासली. त्याच बँकेच्या त्याच शाखेतली आणखी नऊ खाती तशीच अडकली होती. त्यांतल्या कोणी तक्रार केली होती, कोणी केलीही नव्हती. एक बाई दोन महिने शेजाऱ्यांकडून उसने घेऊन दिवस काढत होत्या, असे त्याने मला नंतर सांगितले.

एक्सेलमध्ये अंकांच्या आधी एक वरचे स्वल्पचिन्ह टाकले की तो मजकूर मानला जातो, शून्ये जात नाहीत. त्या दिवसापासून गावातल्या कोणाचाही खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक टंकताना मी आधी ते चिन्ह टाकतो. आई आता नाही. तिच्या पासबुकावर मी त्या दोन शून्यांखाली निळ्या शाईने ओढलेली रेघ मात्र अजून आहे.